यंत्राची वाट पाहताना निघून जाणारी वर्षं

बाळाला ऐकू येत नाही असं निदान झालं की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘हे बोलेल ना?’ प्रश्न स्वाभाविक आहे, आणि डॉक्टरांपासून सरकारी योजनांपर्यंत सगळ्यांनी तोच मध्यवर्ती धरला आहे. श्रवणयंत्र कुठलं घ्यायचं, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) कधी, स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, शाळा बोलण्यावर भर देणारी निवडायची की खुणांनी शिकवणारी, हे पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघतात. गेल्या काही दशकांतलं संशोधन शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तर मात्र दुसराच प्रश्न आधी विचारायला हवा होता असं दिसतं: या महिन्यात, या बाळापर्यंत पुरी पोचेल अशी कोणती भाषा घरात आहे? बोलणं हे भाषेचं एक रूप. ते कधी स्पष्ट येतं, कधी अडखळत येतं, कधी येतही नाही, आणि तरी माणूस शिकतो, वाचतो, भांडतो, संसार करतो. पहिली भाषाच वेळेत मिळाली नाही, तर पुढचं सगळं शिक्षण लंगडं होतं. बोली विरुद्ध खुणा या जुन्या वादाने सगळ्यांचं लक्ष खाल्लं आणि दोन्हींपैकी काहीच हाती नसलेल्या महिन्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही, असं माझं मत आहे.

हे महिने जन्माच्याही आधी सुरू होतात. गर्भाचा कान सहाव्या-सातव्या महिन्यात काम करू लागतो. नवजात बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी 1980 मध्ये दाखवलं. म्हणजे ऐकणारं मूल जगात येतं तेव्हा त्याच्या गाठीला भाषेच्या लयीचा काही काळाचा अनुभव असतो. जन्मतः बहिऱ्या बाळाकडे तो नसतो, पण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण पहिले काही महिने तेही हुंकारतं, खिदळतं, गळ्यातून आवाज काढतं. घरचे लोक पाठीमागे ताट वाजवून बघतात, बाळ वळतं, सगळे निर्धास्त होतात. ते कशाने वळलं, सावलीने, हवेच्या झोताने की जमिनीच्या कंपनाने, हे त्या परीक्षेत कळायचा मार्ग नसतो. फरक उघड होतो तो ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशा एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारणाऱ्या बडबडीच्या वयात. ऐकणारी मुलं साधारण दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत ती करू लागतात. बहिऱ्या मुलांत ती बरीच उशिरा येते. तेव्हाही कुणीतरी आठवण काढतं की याची आत्या चार वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती, आणि आणखी एक वर्ष जातं. याच वयाबद्दल लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी 1991 मध्ये वेगळंच काही नोंदवलं होतं. ज्या बहिऱ्या बाळांचे आईवडीलही बहिरे आणि घरात सांकेतिक भाषा, ती बाळं त्या सुमारास हातांनी बडबडत होती; अर्थहीन, पण सांकेतिक भाषेच्या घटकांनीच बनलेल्या लयबद्ध हालचाली करत होती. मेंदू भाषा शोधत असतो. ती कानाने आली की डोळ्याने, याबद्दल त्याचा फारसा हट्ट नसतो.

निदानाच्या वयाचा परिणाम किती, याचा सर्वांत उद्धृत होणारा पुरावा अमेरिकेतल्या कोलोरॅडोतला आहे. क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 150 मुलांची तुलना प्रसिद्ध केली. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष कळलेली 72 आणि नंतर कळलेली 78. लवकर कळलेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की हा फायदा श्रवणदोष कमी असो वा तीव्र, कुटुंब श्रीमंत असो वा गरीब, मूल बोलून संवाद करत असो वा खुणांनी, सगळीकडे दिसला. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा शेवटचा भाग सोयीस्करपणे मागे ठेवला. दोन वर्षांनी मेरी पॅट मोएलर यांनी नेब्रास्कातल्या 112 मुलांचा पाच वर्षांच्या वयाला आढावा घेतला. अकरा महिन्यांच्या आत कार्यक्रमात आलेल्या मुलांचा शब्दसंग्रह आणि भाषिक तर्क चांगला होता, पण सर्वांत जास्त फरक पाडणारा घटक निघाला कुटुंबाचा सहभाग. उशिरा निदान आणि घरचा सहभागही तोकडा, अशी मुलं सर्वांत मागे होती. एक महिन्यात तपासणी, तिसऱ्यात निदान, सहाव्यात उपाययोजना सुरू, हे 1-3-6 चं जगभर रुळलेलं सूत्र अशाच कामाच्या बळावर उभं आहे. त्यातला सहावा महिना हा ‘यंत्र बसवलं’ एवढ्याने पुरा होत नाही, हे मोएलर यांच्या आकड्यांतून लगेच कळतं, पण अंमलबजावणीत नेमकं तेच विसरलं जातं.

भाषा उशिरा मिळाली तर काय होतं, याचं उत्तर रेचल मेबेरी यांनी फार चतुराईने शोधलं. त्यांच्या गटाने 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेली तुलना अशी. काही बहिऱ्या प्रौढांना लहानपणी कुठलीच भाषा धड मिळाली नव्हती. शाळेच्या वयात ते अमेरिकन सांकेतिक भाषेला सामोरे गेले. दुसरे काही जन्मतः ऐकणारे होते, इंग्रजी शिकले, मग आजाराने बहिरे झाले आणि त्याच वयात तीच सांकेतिक भाषा शिकले. शिकायचं वय सारखं, वापराची वर्षंही साधारण सारखी. तरी दुसरा गट कितीतरी सरस निघाला. उलट बाजूने पाहिलं तर लहानपणापासून सांकेतिक भाषा मिळालेले बहिरे लोक इंग्रजी व्याकरणाच्या कसोटीत, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या ऐकणाऱ्या लोकांच्या बरोबरीला आले. पहिली भाषा वेळेवर मिळाली की दुसरी जमते, मग पहिली हातांची असो वा तोंडाची. ही अडचण बहुसंख्यांची आहे, कारण कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांचे आईवडील ऐकणारे असतात. घरात भाषा भरपूर, पण ती मुलापर्यंत पोचत नाही. जेवताना आजी-आईत चाललेलं बोलणं, फोनवरचं अर्धं संभाषण, शेजारणीबद्दलची कुजबुज, यातून इतर मुलं न शिकवता शिकतात की दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं. ऐकणाऱ्या घरांतल्या बहिऱ्या मुलांना ही समज मोजायच्या चाचण्या उशिरा जमतात. बहिऱ्या आईवडिलांच्या मुलांना वेळेवर जमतात. कमतरता बुद्धीची नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या गप्पांची आहे.

इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘आम्ही घरी खुणा करतोच की.’ करतात, आणि मूलही करतं. सुझन गोल्डिन-मेडो यांनी अनेक वर्षं अशा घरगुती खुणांचा अभ्यास केला. मुलांच्या खुणांना त्यांच्या आयांच्या हावभावांपेक्षा अधिक सुसंगत रचना असते, असं त्यांना आढळलं. मुलाच्या बाजूने ही थक्क करणारी कामगिरी आहे. पण एकट्याने बांधलेल्या त्या खुणांनी ‘परवा मामा येणार होता, पण पाऊस आला म्हणून नाही आला’ एवढं सांगणं कठीण जातं. खाणं, पिणं, जाणं, झोपणं यांच्या खुणा म्हणजे भाषा नव्हे.

कॉक्लिअर इम्प्लांटने हे चित्र बदललं, आणि ते मान्य न करता सांकेतिक भाषेची बाजू मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेत 1990 मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. 2000 मध्ये वयाची अट 12 महिन्यांवर आणि 2020 मध्ये एका कंपनीच्या यंत्रासाठी 9 महिन्यांवर आली. निपार्को आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 188 मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 18 महिन्यांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांची बोलभाषा सर्वांत वेगाने वाढली. अनु शर्मा यांनी मेंदूच्या श्रवणकेंद्राच्या प्रतिसादांवरून दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत ध्वनी मिळू लागला तर हे केंद्र वयानुरूप प्रतिसाद देऊ लागतं. सात वर्षांनंतर ती शक्यता फार कमी होते. म्हणजे कानाच्या बाबतीतही घड्याळ चालू असतं, आणि सांकेतिक भाषा येते म्हणून यंत्र लांबवणं चूकच आहे. पण निपार्को यांच्या अभ्यासातही मुलांमुलांतला फरक मोठा होता, आणि त्यामागे शस्त्रक्रियेच्या वयाबरोबर उरलेली श्रवणशक्ती, आईवडिलांचा मुलाशी होणारा संवाद, घरची आर्थिक स्थिती ही कारणं होती. एखाद्या विशिष्ट बाळाच्या बाबतीत यश किती मिळेल हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणालाही सांगता येत नाही. आणि आपल्याकडे त्या टेबलापर्यंतचा प्रवासच मोठा असतो. संशय, ओएई (आतल्या कानाच्या प्रतिसादाची तपासणी), मग बेरा (श्रवणाच्या नसेची तपासणी), मग श्रवणयंत्र लावून काही महिन्यांची चाचणी, मग स्कॅन, कागदपत्रं, मंजुरी, शस्त्रक्रिया, यंत्र चालू होणं, मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र मुलाला जुळवून घेण्याच्या फेऱ्या, आणि त्यानंतर ऐकलेल्या ध्वनीला अर्थ यायला लागणारा काळ. या सगळ्या काळात मुलाचा मेंदू थांबलेला नसतो. या मधल्या काळासाठी योजना काय, हा प्रश्न सल्लागाराच्या खोलीत क्वचितच निघतो.

माझं उत्तर आहे: यंत्राची तयारी चालू असतानाच सांकेतिक भाषा सुरू करावी. यावरचा सर्वांत जुना आक्षेप असा की हात चालू झाले की तोंड बंद होतं. 1880 मध्ये मिलान इथे भरलेल्या बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांच्या परिषदेने याच समजुतीवर शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्याच परंपरेतल्या परिषदेने 2010 मध्ये व्हँकुव्हर इथे त्याबद्दल खेद व्यक्त केला. खेदाला 130 वर्षं लागली, त्या काळात शाळांतून किती पिढ्या बाहेर पडल्या याची कल्पनाच करावी. पण इतिहासाने चूक ठरलेली समजूत विज्ञानाने बरोबर ठरू शकते, म्हणून आजचा पुरावा पाहायला हवा. अ‍ॅन गीअर्स यांच्या 2017 च्या अभ्यासात इम्प्लांट झालेल्या ज्या मुलांना खुणा मिळाल्या नव्हत्या, त्यांच्यापैकी 70 टक्क्यांहून अधिकांनी वयानुरूप बोलभाषा गाठली; तीन किंवा अधिक वर्षं खुणा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. हा आकडा टाळून पुढे जाता येत नाही. मात्र तो काय सांगतो हे नीट पाहिलं पाहिजे. त्या मुलांचे पालक ऐकणारे होते, आणि पुरी सांकेतिक भाषा काय नि बोलण्याच्या जोडीला केलेल्या सुट्या खुणा काय, दोन्ही एकाच रकान्यात धरले होते. मुलाला खुणांची भाषा किती येते हे मोजलेलं नव्हतं. शिवाय ज्या मुलाचं बोलणं पुढे सरकत नाही, त्याच्याच घरचे लोक खुणा चालू ठेवतात. मग खुणांमुळे बोलणं अडलं की बोलणं अडलं म्हणून खुणा राहिल्या? फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा खुणांची जोड बोलण्याला मदत करते किंवा अपाय करते, यापैकी काहीही ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. उलट बहिऱ्या आईवडिलांच्या, जन्मापासून सांकेतिक भाषा येणाऱ्या आणि इम्प्लांट झालेल्या मुलांच्या एका लहानशा गटाची इंग्रजी ऐकणाऱ्या समवयस्कांच्या तोडीची असल्याचं डेव्हिडसन, लिलो-मार्टिन आणि चेन पिश्लर यांनी 2014 मध्ये दाखवलं. गट अगदीच छोटा आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण खुणा येणं हाच जर अपाय असता, तर तो इथे सर्वांत आधी दिसला असता.

गीअर्स यांचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. सर्वांत यशस्वी गटातही, अमेरिकेतल्या सुसज्ज केंद्रांत, दहातली जवळपास तीन मुलं वयानुरूप बोलभाषेपर्यंत पोचली नाहीत. त्या मुलांपाशी दुसरी भाषा नव्हती. ज्या जिल्ह्यात बॅटरी संपली तर नवी यायला आठवडे लागतात, मॅपिंगसाठी मुंबईला किंवा पुण्याला यावं लागतं आणि त्यासाठी मजुरी बुडते, तिथे हे प्रमाण अधिक चांगलं असेल असं मानायला काही आधार नाही. यंत्र चाललं तर खुणा शिकल्याने गमावलं काय, थोडे तास. यंत्र चाललं नाही तर केवळ त्याच्यावर विसंबल्याने गमावतो ती पहिली भाषा. दोन जोखमी तराजूच्या दोन पारड्यांत बरोबरीने बसत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऐकणारे आईवडील, दिवसभर कामात, एक अख्खी नवी भाषा कुठून शिकणार, आणि मोडकीतोडकी शिकवून फायदा काय? इथे केसेली, पायर्स आणि लीबरमन यांचं 2021 चं काम उपयोगी पडतं. ऐकणाऱ्या पालकांच्या ज्या बहिऱ्या मुलांना सहा महिन्यांच्या आत अमेरिकन सांकेतिक भाषा मिळू लागली, त्यांचा शब्दसंग्रह वयाला साजेसा वाढला. त्यांचे पालकही नवशिकेच होते. बाळाला पहिल्या वर्षी लागणारी भाषा लहान असते. पालकाने त्याच्या एक पाऊल पुढे राहिलं तरी पुष्कळ. पुढची पावलं एकट्या पालकाने टाकावीत अशी अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात बहिऱ्या प्रौढ व्यक्ती नियमितपणे घरी येऊन कुटुंबाला भाषा शिकवत. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातली मुलं, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा भाषेत पुढे गेली, आणि त्यात इंग्रजीही आली. आपल्याकडे याची तजवीज करणं जेवढं वाटतं तेवढं महाग नाही. 2011 च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्या सुमारे 50 लाख लोकांची नोंद आहे. भारतीय सांकेतिक भाषा अस्खलित वापरणारी तरुण मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांतली कितीतरी कामाच्या शोधात आहेत. त्यांना बाळाच्या घरी पाठवणारी साखळी नाही. शिवाय पहिल्यांदाच एका मोठ्या, कमावत्या, हसऱ्या बहिऱ्या माणसाला घरात पाहून आईवडिलांची भीती किती उतरते, हे कुठल्याही चाचणीत मोजलं जात नाही.

थोडंफार ऐकू येणाऱ्या, म्हणजे सौम्य ते तीव्र दोष असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण ती हाकेला ओ देतात. अमेरिकेत तीन केंद्रांनी मिळून अशा तीनशेहून अधिक मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यात दिसलं की यंत्रातून प्रत्यक्ष किती बोलणं ऐकू येतं आणि यंत्र दिवसात किती तास कानावर असतं, यावर भाषा अवलंबून राहते. आणि शब्दसंग्रहापेक्षा व्याकरणाचे बारीक प्रत्यय अधिक मार खातात. हे मराठीला लावून पाहण्यासारखं आहे. ‘आला’ आणि ‘आलास’, ‘केलं’ आणि ‘केलंस’ यांतला फरक शेवटच्या ‘स’वर तोललेला असतो, आणि ‘स’ हा उंच कंपनांचा, हलका ध्वनी. कमी ऐकणाऱ्या कानातून तो आधी निसटतो. ‘ने’, ‘ला’, ‘त’, ‘शी’ हे प्रत्यय आघात नसलेले, घाईत उच्चारलेले. असं मूल बोलतं, गोड बोलतं, पण वाक्यातून कोणी कोणाला काय केलं हे हरवतं, आणि शाळेत त्याला ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो. यावरचा एक उपाय फुकट आहे. डॅनियल लिंग यांच्या चाचणीप्रमाणे रोज सकाळी यंत्र लावल्यावर मुलाच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणायचे आणि ते प्रतिसाद देतं का पाहायचं. कालपर्यंत ऐकू येणारा ‘स’ आज चुकला तर बॅटरी, मोल्ड किंवा वाहणारा कान, काहीतरी तपासायला हवं.

महाराष्ट्राकडे पाहिलं तर संस्थांची वानवा नाही. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा 1880 च्या दशकातच निघाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्याने जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आणली. अपंग व्यक्तींना सहायक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत 2014 मध्ये कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मुलामागे 6 लाखांपर्यंतची तरतूद झाली, प्रामुख्याने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तरतूद स्वागतार्ह आहे, पण पाचवं वर्ष ही मर्यादा धरली की व्यवस्थेला ते उद्दिष्टच वाटू लागतं, आणि साडेचार वर्षांच्या मुलाची फाइल वेळेत निघाली याचं समाधान मानलं जातं. पुढे सेवा नसताना तपासणी करून केवळ घाबरवायचं कशाला, पहिल्या चाचणीत कितीतरी बाळं विनाकारण अडकतात, असंही काही डॉक्टर म्हणतात. कानातल्या चिकट द्रवामुळे पहिली ओएई चुकू शकते हे खरंच आहे, म्हणून तर दुसरी फेरी आणि बेरा आहे. दुसऱ्या टोकाला, अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळाला फक्त ओएई करून घरी पाठवणंही धोक्याचं, कारण कानाची पेशी ठीक आणि नस बिघडलेली असेल तर ओएई पास होते. आणि निदानानंतर द्यायला यंत्र नसलं, तरी भाषा देता येते. आईला त्या दिवसापासून बाळाच्या नजरेत राहून बोलायला, वस्तू दाखवण्याआधी त्याची नजर पकडायला, आणि पहिल्या पन्नास खुणा करायला शिकवणं यासाठी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

राहता राहिला वाचनाचा मुद्दा. भारतीय सांकेतिक भाषा मराठी नाही, तिचं व्याकरण वेगळं, मग त्या भाषेत वाढलेलं मूल मराठी पुस्तक वाचणार कसं? स्ट्राँग आणि प्रिंझ यांनी 1997 मध्ये आठ ते पंधरा वर्षांच्या 155 विद्यार्थ्यांत पाहिलं की ज्यांची सांकेतिक भाषा चांगली, त्यांचं इंग्रजी वाचन-लेखनही चांगलं. हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे. पण मेबेरी यांच्या निष्कर्षाशी तो जुळतो. घरी गोंडी किंवा अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी अशी कसरत महाराष्ट्रातली असंख्य ऐकणारी मुलं करतातच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाची दिशा दिली, आणि दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2021 मध्ये 10,000 शब्दांवर पोचला. कोश मोठ्या मुलांना आणि शिक्षकांना उपयोगी. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला लागतात अंघोळीच्या, वरणभाताच्या, झोपाळ्याच्या वेळच्या खुणा, आणि त्या रोजच्या मराठीशी जोडलेल्या.

आणि हे सगळं चाललं आहे की नाही, हे ठरवायला डेसिबलचा आलेख पुरत नाही. तो कानाचा असतो. मुलाला बारा, अठरा, चोवीस महिन्यांना किती शब्द कळतात आणि किती ते स्वतः वापरतं, याची नोंद व्हायला हवी, आणि त्यात बोललेला शब्द आणि खुणेने सांगितलेला शब्द एकत्र मोजायला हवा. ‘पाणी’ तोंडाने मागितलं काय नि हाताने, भाषेच्या खात्यात ते एकदाच जमा होतं. अशी शब्दांची यादी अंगणवाडी सेविकेला आईच्या शेजारी बसून अर्ध्या तासात भरता येईल. लागोपाठ दोन नोंदींत आकडा जागचा हलला नाही, तर यंत्राची नवी सेटिंग असो, घरी येणारी बहिरी शिक्षिका असो की थेरपीची दुसरी पद्धत, योजना त्याच महिन्यात बदलायची, मूल शाळेत जाण्याच्या वयापर्यंत थांबायचं नाही.